कौशल्याच्या घरची खिरापत

कौशल्याशी भांडायला जायचं तर पोटभर जेवून जावं, असं त्या गल्लीत म्हणायचे. भांडण लवकर आटोपत नसे आणि मध्ये कोणी पाणी विचारत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, मोर्णा नदीपलीकडच्या त्या अरुंद गल्लीत ती साडेआठ वर्षं राहत होती. तेवढ्या काळात ती सिलिंडरवाल्याशी भांडली, नळाच्या वेळेवरून भांडली, आणि तिच्या दारासमोर उष्टं टाकणाऱ्या एका सरकारी कारकुनाला तिनं ते उष्टं परत नेऊन दिलं, त्याच्याच ताटात. एवढं सगळं करून गल्लीतल्या निम्म्या अंगणांत तिनं बांधलेली कलमं उभी होती, कारण हात असा की तिनं लावलेलं रोप सहसा मरत नसे. लोक तिला टरकायचे आणि रोप मागायलाही तिच्याकडेच यायचे.

घरात तिघी. कौशल्या, मंजुषा आणि दहा वर्षांची आचल. मंजुषा सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. आचल तिच्या पोटची. नवरा सुरतेला गेला, तिथं दुसरा संसार मांडला, आणि मंजुषानं रीतसर फारकत घेतली तेव्हा पोरगी जेमतेम दीड वर्षाची होती. त्याच साली मंजुषाची बदली अकोल्याला झाली आणि कौशल्या मोर्शीहून एक पिशवी आणि कलमाचा चाकू घेऊन तिच्यामागं निघाली. मग ज्या काही रात्री जागायच्या, जी काही शेंबडी नाकं पुसायची आणि ज्या काही वेण्या घालायच्या, त्या दोघींनी निम्म्या निम्म्या केल्या. आचल मंजुषाला आई म्हणायची आणि कौशल्याला माय. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दोन माणसांना हाका मारायच्या तर दोन शब्द लागणार, एवढा हिशोब दीड वर्षाच्या पोरीलाही कळतो.

दोघींची गाठ पडली ती मोर्शीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात. कौशल्याचा बाप, खुशालराव, संत्र्याची कलमं बांधणारा नामी माणूस. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी आवळायची, हे काम त्यानं पोरांना शिकवून पाहिलं, पण हात लागला तो पोरीला. कौशल्या दिवसाला हजार डोळे बांधायची. एकदा चाकू अंगठ्यावर घसरला म्हणून ती उपकेंद्रात गेली. नव्या सिस्टरनं तीन टाके घातले आणि नीट काम करा म्हणून दटावलं. पुढच्या आठवड्यात कौशल्या दुसरं बोट कापून हजर. दिवसाला हजार डोळे बांधणाऱ्या बाईचं बोट आठवड्यात दोनदा कापत नसतं, हे मंजुषाला तेव्हाच कळलं होतं. तिनं टाका घातला आणि चहा मागवला.

मोर्शीत हे लपणार नव्हतं आणि लपलंही नाही. कौशल्यानं तोवर तीन स्थळं परतवली होती. चौथ्याच्या वेळी तिनं बापाला खरं सांगितलं. खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजपासून तू आमाले मेली." कौशल्या म्हणाली, "मंग तेराव्याले बोलवा, जेवून जाईन." आणि निघाली. त्यानंतर बापाचा शब्द नाही की निरोप नाही. पण दर वर्षी आश्विनात, पहिली संत्री उतरली की मोर्शीहून येणाऱ्या एसटीत एक पोतं यायचं. आई, गोदाबाई, पाठवते असं कंडक्टर सांगायचा. पोत्याचं तोंड मात्र कलमाच्या पट्टीनं बांधलेलं असे, आणि ती गाठ गोदाबाईची नव्हती. तसा दुहेरी आवळा मोर्शी तालुक्यात एकच माणूस घालायचा. कौशल्यानं हे मंजुषालासुद्धा सांगितलं नव्हतं. ती गाठ कापत नसे, बसून सोडवायची.

आता अकोल्यात ती शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत कलमांचं काम बघत होती. हाताखाली आठ माणसं. तिथं तिला कोणी कमी लेखत नसे. अडायचं ते कागदावर. कागदावर कौशल्या कुठंच नव्हती. रेशनकार्डावर नाही, आचलच्या आधारकार्डावर नाही, शाळेच्या फॉर्मवर नाही. दोन बायकांचं लग्न कायद्यात बसत नाही आणि एका लेकराच्या दोन आया फॉर्मात बसत नाहीत. आचलला टायफॉइड झाला तेव्हा बारा दिवस तिच्या उशाशी कौशल्या होती, कारण मंजुषा दुसऱ्यांच्या लेकरांना सलाईन लावत होती. पण सुट्टी देताना डॉक्टरांनी सहीसाठी विचारलं, "आई कुठंय?" तेव्हाही कौशल्या भांडली. "समोर बसली ते दिसत नाई काय?" म्हणाली. सही शेवटी मंजुषालाच येऊन करावी लागली, पण आचलनं ते वाक्य ऐकलं आणि महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

अशी ही बाई. आणि या बाईनं त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला शाळेत माती खाल्ली.

पालकसभा होती. मंजुषाची ड्युटी, म्हणून कौशल्या गेली, नेहमीसारखी. मुख्याध्यापिका नवीन होत्या. वाईट नव्हत्या, आवाजसुद्धा मऊ होता. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" मागं तीसेक पालक रांगेत. त्यांत गल्लीतल्या दोघी-तिघी. शेजारी आचल, गुणपत्रक छातीशी धरून. या प्रश्नाची उत्तरं कौशल्यानं साडेआठ वर्षांत डझनभर लोकांच्या तोंडावर मारली होती. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात भलतंच आलं. ही पोरगी रोज या इमारतीत सात तास एकटी असणार, आणि मी इथं नसणार. मला कोणी बोललं तर मी बघून घेईन, हिला बोललं तर? आणि तोंडातून निघालं, "मावशी."

बाईंनी लिहून घेतलं. आचलनं एकदा वर पाहिलं आणि मग गुणपत्रकाची घडी घालत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात हाक आली, "मावशी, माही रिबन कोठी आहे?" रुसवा नाही, फुगवा नाही, सरळ हाक. कौशल्याला आधी वाटलं पोरगी चेष्टा करते. चार दिवसांनी कळलं की चेष्टा नाही. शाळेची ऑटो चालवणाऱ्या धर्मपालभाऊंनी तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. म्हाताऱ्या माणसाला आडवळण जमत नसे. ते म्हणाले, "ताई, काय बिनसलं? पोट्टी आधी आटोत माह्या दोन माया दोन माया करत जाय. आता पोट्ट्यायनं विचारलं त म्हनते, एक आई अन् एक मावशी. म्या म्हनलं, काय झालं व? त म्हनते, मायनंच सांगितलं शाळेत."

त्या दिवशी कौशल्या जेवली नाही. मंजुषाला सगळं सांगितलं. मंजुषानं तिला जवळ घेतलं, पण सुनवायचं सोडलं नाही. "तूच शिकवलं तिले," ती म्हणाली. "आता तूच शिकव परत. माह्यानं ते होत नाई, मी सांगितलं त ते आईनं सांगितलेलं होईन." कौशल्यानं दोन-तीनदा प्रयत्न केला. आचलला कुशीत घेऊन म्हणाली, "अवं, ते बाईसमोर म्हनलं होतं." आचलनं शांतपणे विचारलं, "मंग खरं कोणासमोर म्हनतात?" आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला भांडणात हरवलं, आणि तेही चौथीतल्या पोरीनं, आवाज न चढवता.

दसरा झाला आणि भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, बसली. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेका घरी जमतात, भुलाबाईपुढं टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात आणि मग येते खिरापत. खिरापत म्हणजे प्रसाद, पण बंद डब्यातला. घरच्या बाईनं डबा वाजवून दाखवायचा आणि पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत कोणाला काही मिळत नाही. हरलो म्हटलं की डबा उघडतो, आणि ज्या घरची खिरापत ओळखली जात नाही त्या घराची कॉलर वर्षभर ताठ. घरच्या पोरीला आत काय ते माहीत असलं तरी तिनं फोडायचं नसतं, हा नियम. आणि कौशल्याच्या घरची खिरापत गेल्या तीन वर्षांत कोणी ओळखली नव्हती. एका वर्षी अंबाडीच्या बोंडांची वडी, एका वर्षी बेलाचा मुरंबा, गेल्या वर्षी तर तिनं असं काही केलं होतं की पोरी खाऊनसुद्धा ओळखू शकल्या नाहीत.

या वर्षी आचलच्या घरचा वार होता गुरुवार. मंगळवारी दुर्गाबाई आल्या.

दुर्गाबाई समोरच्या घरात राहायच्या. त्यांचा ओटा म्हणजे गल्लीची कचेरी. कोणाची सोयरिक, कोणाचं भांडण, कोणाच्या सुनेचे दिवस, सगळं तिथं दाखल व्हायचं. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

"कौशल्या, सरळ सांगते. सुना म्हनून राहिल्या का यंदा पोरी तुमच्याइथं पाठवत नाई."

"आजवर त येत होत्या."

"आजवर कोणी बोलत नव्हतं. झाकली मूठ होती. आता माय का मावशी, ही गोठ शाळेतून घरोघर गेली. मी म्हनलं, पोरीचं मन काहून मोडा? मधला रस्ता काढा. गुरुवारी आरती झाली का सगळ्याईसमोर एवढंच म्हनजो, मी मंजुषाची चुलत बहीण, पोरीची मावशी. बस. बाया खूश, पोरी येतीन, तुहंही भागते."

"अन् नाई म्हनलं त?"

"शाळेत म्हनलंच ना तू? मंग घरी म्हनायले काय झालं?"

ही बाई अडाणी नव्हती. नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कौशल्या उठली, दुर्गाबाईंच्या अंगणात दिसणाऱ्या संत्र्याच्या झाडाकडे हात केला. "ते झाड म्या बांधलं दुर्गाबाई. खाली जंबेरी, वर संत्रं. दोन झाडाचं एक झाड. त्याची फळं खाता तुमी, तवा नाई विचारत कोण कोणाची कोण?"

"झाडाचं माणसाले लावू नको," दुर्गाबाई म्हणाल्या. "झाडाची सोयरिक करा लागत नाई. उद्या या पोरीची करा लागन." आणि त्या गेल्या. जाताना कप स्वतः मोरीत ठेवून गेल्या, कारण बाई रीतीची पक्की होती.

आचल आतल्या खोलीत होती. सगळं ऐकून ती दारात आली आणि म्हणाली, "म्हन ना मावशी. तशीबी तू म्हनतेच." भुलाबाईसाठी तिनं परकर-पोलकं काढून ठेवलं होतं, टिपऱ्यांना नवा रंग दिला होता. पोरी आल्या पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं. आता जे बोलायचं ते चारचौघींत बोलायचं, एवढं कौशल्यानं मनाशी ठरवलं. पोरी आल्या नाहीत तर आचल तिला कधीच माफ करणार नव्हती, आणि मावशी म्हणून त्या आल्या तर माय हा शब्द या घरातून कायमचा गेला असता.

बुधवारी एसटीतून पोतं आलं. कौशल्यानं गाठ सोडवली, संत्री सोलली, आणि फळं बाजूला ठेवून साली घेतल्या. तीन पाण्यांतून उकळून कडूपणा काढला, साखरेच्या पाकात मुरवल्या, वाळवल्या. गुरुवारी सकाळी रोपवाटिकेत जाण्याआधी तिनं त्या खिरापतीच्या डब्यात तळाशी रचल्या, वर केळीचं पान झाकलं आणि डबा फडताळात ठेवला. मंजुषाला काही सांगितलं नाही. मंगळवारपासून ती घरात फारशी बोलतच नव्हती.

आणि म्हणूनच मंजुषाला वाटलं की रागाच्या भरात ही खिरापत करणार नाही. ती दुपारी ड्युटीतून तासभर घरी आली, ज्वारीच्या लाह्या फोडल्या, गुळाच्या पाकात लाडू वळले आणि डबा काढला. आत केळीचं पान अंथरलेलं दिसलं. बरं झालं, डबा तरी घासून तयार ठेवला, असं म्हणून तिनं पानावर लाडू रचले, झाकण लावलं आणि परत गेली. ज्या घरात एकच आई असते त्या घरात ही चूक होऊ शकत नाही. आचल शाळेतून लवकर आली होती, ती स्वयंपाकाच्या ओट्यावर पाय हलवत बसून हे बघत होती. सकाळी तिनं सालीही पाहिल्या होत्या. पण घरच्या पोरीनं खिरापत फोडायची नसते, म्हणून ती गप्प राहिली.

संध्याकाळी कौशल्यानं ज्वारीच्या धांड्यांचं मखर उभं केलं, त्यात भुलाबाई-भुलोबा बसवले, दिवा लावला. आचल परकर नेसून टिपऱ्या घेऊन बसली. सहा वाजले. साडेसहा वाजले. गल्लीतल्या प्रत्येक दारात बायका होत्या आणि प्रत्येक खिडकीत पोरी होत्या, पण उंबरा कोणी ओलांडत नव्हतं. आचल म्हणाली, "मी कपडे बदलते."

"थांब," कौशल्या म्हणाली. तिनं डबा उचलला आणि बाहेर येऊन ओट्यावर मांडी घालून बसली. डबा कानाशी धरून दोनदा वाजवला. मग गल्लीकडे न बघता, पण गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चौथं वर्ष आहे. यंदाबी कोणाले ओळखता येनार नाई म्हना. बरंच झालं. हरण्यापरीस घरात बसलेलं बरं."

मग समोरच्या वरच्या खिडकीतून दुर्गाबाईंच्या नातीचा, वर्षालीचा, आवाज आला. "चिवडा?"

"चूक."

"गोड का तिखट?" हा पलीकडच्या दारातून, आकांक्षाचा. तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला तोही ऐकू आला.

"खिडकीतून खिरापत ओळखत नसतात," कौशल्या म्हणाली. "आधी भुलाबाईचं गाणं, मंग ओळखणं. रीत म्हंजे रीत. दुर्गाबाईले विचारा."

रीतीचं नाव काढल्यावर दुर्गाबाईंना नाही म्हणता येईना, आणि पोरींना तेवढंच पुरलं. वर्षाली जिना उतरून अनवाणी धावत आली. तिच्यामागं आकांक्षा आली. मग दोघी, मग तिघी, आणि बघता बघता अकरा पोरी कौशल्याच्या बैठकीत दाटीवाटीनं बसल्या. आया दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या, कारण आत दिवा लागलेला, भुलाबाई बसलेली, आणि टिपऱ्या वाजायला लागल्यावर पोरीला ओढून नेणं बरं दिसत नाही. गाणी झाली. मधल्या गाण्याला मंजुषा आली, युनिफॉर्ममध्येच, बायकांमधून वाट काढत. तिनं आत पाहिलं, आचलचा फुललेला चेहरा पाहिला आणि दाराशी टेकून उभी राहिली. आरती झाली. दुर्गाबाई पुढं आल्या. आता ती वेळ होती. त्यांनी कौशल्याकडे पाहिलं आणि मान हलवून खुणावलं, म्हण.

कौशल्या म्हणाली, "आधी खिरापत."

डबा वाजला. कौशल्याला आवाज जरा वेगळाच वाटला. साली घसरायला पाहिजे होत्या, इथं काहीतरी गडगडत होतं. पाक जास्त आटला असेल, असं तिला वाटलं.

"गोड?" "गोड." "तळलेलं?" "नाई." "लाह्यांचे लाडू!" वर्षाली ओरडली.

"नाई," कौशल्या ठामपणे म्हणाली.

शेवेचे लाडू, राजगिऱ्याची वडी, चिक्की, बत्तासे, सगळं झालं. शेवटी पोरींनी हात टेकले. "हरलो, काकू. उघडा."

कौशल्यानं ऐटीत झाकण काढलं. आत लाह्यांचे लाडू होते.

"लाडूच आहेत!" वर्षाली उभी राहिली. "म्या ओळखलं होतं! काकू खोटं बोलल्या!" अकरा पोरींचा एकच कालवा. कौशल्या डब्यात बघतच राहिली. मंजुषाकडे पाहिलं तर मंजुषाच्या चेहऱ्यावरही प्रश्नचिन्ह. दारातल्या बायका हसल्या, आणि दुर्गाबाईंनी संधी सोडली नाही. "या घरात दुसरं काय असन," त्या म्हणाल्या. "खोटंच त चालते इथं. लेकराच्या खाऊतसुद्दा."

तेव्हा कौशल्या उठून उभी राहिली. डबा तिनं खाली आचलच्या पुढ्यात ठेवला.

"हाव दुर्गाबाई. या घरात खोटं बोलणं झालं. एकडाव झालं अन् ते म्या केलं. शाळेत बाईनं विचारलं, पोरीची कोण, अन् म्या मावशी म्हनलं. भेली मी. ते खोटं होतं. मंजुषा माही बहीण नाई, चुलत नाई अन् मावसही नाई. नवरा-बायको राहतात तशा आमी दोघी राहतो, हे तुमाले साडेआठ वर्षं झाली माहीत आहे. अन् आचल माही लेक आहे. मी तिची माय आहे. सोमवारी शाळेत जाऊन तेच सांगते. ज्याले आपली पोरगी उठवून न्यायची असन त्यानं न्या, पण खाऊ घेऊन न्या, भुलाबाईच्या घरून रिकाम्या हातानं जाऊ नये."

एका बाईनं आपल्या पोरीला हाक मारली, पण पोरगी डब्याकडे बघत होती.

कारण आचलनं डब्यात हात घातला होता. तिनं एक एक करून लाडू परातीत काढले. मग केळीचं पान उचललं. खाली संत्र्याच्या साली होत्या, साखरेनं चकाकणाऱ्या.

"माय खोटं नाई बोलली," ती वर्षालीला म्हणाली, एखाद्या नापास मुलीला गणित समजवावं तशी. "मायनं ह्या साली केल्या. तिले लाडू माहीतच नव्हते. लाडू आईनं केले. तिले साली माहीत नव्हत्या. मले दोन्ही माहीत होतं, पण खिरापत फोडत नसतात."

"एका डब्यात दोन खिरापती नसतात," वर्षाली म्हणाली. तिचं अजून समाधान झालं नव्हतं.

"आमच्या घरी असतात," आचल म्हणाली. "तुमाले हरा लागलं, याले मी काय करू? हात पुढं कर."

वर्षालीनं एक हात पुढं केला. त्यावर लाडू आला. तिनं दुसराही केला, त्यावर साल आली. मग अकरा पोरींचे बावीस हात. दोन खिरापती मिळणारं घर सोडून जायला कोणतीही पोरगी तयार नव्हती. एक आई आपल्या लेकीला दंडाला धरून घेऊन गेली, पण लेकीची मूठ भरलेली होती आणि तोंडही. बाकीच्या आया दारातच घुटमळत राहिल्या.

उद्याचा वार दुर्गाबाईंच्या घरचा होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पदर सारखा केला, जायला वळल्या आणि उंबऱ्यावरून, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "उद्या पोरीले पाठवजो."

"पाठवत नसतो आमी," कौशल्या म्हणाली. "घेऊन येत असतो. दोघी येऊ."

चपला घालताना दुर्गाबाईंच्या तळहातावर वर्षालीनं ठेवलेली एक साल होती, आणि ती त्यांनी टाकून दिली नाही.

मंजुषा आत आली, कौशल्याच्या शेजारी उभी राहिली. कौशल्यानं रिकामी झालेली परात उचलली आणि ती आत निघाली. मागून आचल खेकसली, तिचे दोन्ही हात पाकानं चिकट झाले होते, केस डोळ्यांवर आले होते आणि दाराशी आणखी दोन पोरी, पलीकडच्या गल्लीतल्या, न बोलावता येऊन उभ्या होत्या.

"माय, तिकडं काय करून राहिली व? डबा धर इकडं."

कौशल्यानं डबा धरला.